मुशीच्या तळाचे पातेले

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य व वापरवस्तू कार्यालय,
दुसरा मजला (डावीकडील जिन्याने, उजवीकडील जिन्यात कपाटे ठेवली आहेत).

विषय : स्वयंपाकाच्या भांड्यांत शिसे किती असावे (अर्जदाराच्या मते, अजिबात नसावे) याचा नियम या महिनाअखेरीपूर्वी करणेबाबत; तसेच नमुना क्रमांक १७ गॅसवरून तातडीने उतरवणेबाबत.

संदर्भ :
१) अर्जदाराचा अर्ज, दि. ३ जानेवारी.
२) आपल्या अन्न शाखेचे उत्तर, दि. २४ जानेवारी ("भांडे हा खाद्यपदार्थ नव्हे").
३) आपल्या धातू शाखेचे उत्तर, दि. ९ फेब्रुवारी ("भांड्यात अन्न शिजते, सबब अन्न शाखेकडे जावे").
४) नमुना जमा केल्याची पोच, दि. १६ फेब्रुवारी.
५) आपले पत्र, दि. ५ मार्च ("अर्जदार अल्पवयीन आहे").

महोदय किंवा महोदया (दारावरच्या पाटीचा तेवढाच भाग झिजलेला असल्याने दोन्ही लिहिले आहे),

१. अर्जदार ही पंधरा वर्षांची असून नवव्या इयत्तेत शिकते. या अर्जात 'मी' हा शब्द अर्जदाराने स्वतःसाठी कुठेही वापरलेला नाही, याची नोंद घ्यावी. पहिल्या अर्जात तो एकेचाळीस वेळा आला होता. आपल्या आवक-जावक टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितले, "अगं, अर्जात असं मी-मी करायचं नसतं. अर्जदार म्हणायचं. वजन येतं." तेव्हापासून अर्जदार घरीही तसेच बोलू लागली. "अर्जदाराला भूक लागली आहे," असे म्हटल्यावर आईने "अर्जदाराने ताट घ्यावे" असे सांगितले, पण वाढले नाही. मागच्या सत्रात अर्जदाराने शाळेच्या सभागृहात पहिल्यांदा माईक धरला. त्यापूर्वी ती हजेरीलाही मान हलवत असे. त्या दिवसापासून तिला जो धीर आला आहे तो कमी होण्याची लक्षणे दिसत नाहीत, असे वर्गशिक्षिकांनी प्रगतिपुस्तकात लिहिले आहे. तो शेरा कौतुकाचा आहे की तक्रारीचा, हे अद्याप कळलेले नाही.

२. अर्जदाराचे वडील (यापुढे 'बाबा') भांडी ओततात. ज्या गल्लीत त्यांची भट्टी आहे तिथे अशा नऊ भट्ट्या आहेत. भंगारवाला सकाळी अॅल्युमिनियमचा ढीग टाकून जातो. त्यात जुन्या खिडक्यांच्या चौकटी, इंजिनांचे तुकडे, दबलेली डबडी असे काय वाटेल ते असते. ते सगळे मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या जाड मडक्यात, टाकायचे, वितळले की वाळूच्या साच्यात ओतायचे, निघालेले पातेले घासून चकाकवायचे आणि पुढच्या फळीवर मांडायचे. गिऱ्हाईक येते. पातेल्यात काय आहे हे कोणीच विचारत नाही. बोटाच्या पेराने टकटक करते, दोन्ही हातांत धरून वजन बघते आणि हलके वाटले तर म्हणते, "हे पातेलं आहे की कागद?" मग समोरच्या भट्टीवर जाते. समोरच्या भट्टीच्या मालकांना सगळी गल्ली वजनदारकाका म्हणते. काका स्वतः काडीसारखे आहेत, नाव भांड्यांवरून पडले आहे.

३. वजन आणायचे तर शिसे लागते. गाडीच्या चाकाचा तोल साधण्यासाठी रिंगेला बोटभर लांबीची शिशाची वजने ठोकतात. ती भंगारात पोत्याने येतात. बाबा प्रत्येक मुशीत ओंजळभर टाकत असत. गल्लीत सगळेच टाकतात, आणि त्याला 'अंग देणे' म्हणतात. आता मुख्य मुद्दा. शिसे जड असल्याने अॅल्युमिनियममध्ये नीट मिसळत नाही, खाली बसते. म्हणजे मुशीतून पहिले ओतलेले पातेले त्यातल्या त्यात बरे आणि शेवटचे सर्वांत वाईट. पण शेवटचे पातेले सर्वांत जड निघते, सर्वांत खणखणीत वाटते, त्यात काही करपत नाही. म्हणून आमच्या गल्लीत पूर्वापार अशी रीत आहे की मुशीच्या तळाचा नग विकायचा नाही, तो घरी न्यायचा. सगळ्या नऊ घरांत हीच रीत. बाहेरच्यांना वरचे आणि घरच्यांना तळाचे. अर्जदाराची धाकटी बहीण दूध सोडून वरचे खाऊ लागली तेव्हा बाबांनी मुद्दाम एका मोठ्या मुशीचे तळाचे पातेले बाजूला काढले, स्वतः तास-दीड तास घासले आणि आईला म्हणाले, "हिचं सगळं यातच कर. लागणार नाही, करपणार नाही." आईने तसेच केले. चार वर्षे केले.

४. धाकटी आता पाच वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापर्यंत ती शंभरपर्यंत एका दमात म्हणत असे, आणि कोणी ऐकत नसेल तर मांजराला म्हणून दाखवत असे. मग ती एकोणतीसला थांबू लागली. थांबते आणि ऐकणाऱ्यालाच विचारते, "पुढे काय असतं?" पोट सारखे दुखते, जेवण नको असते, रुसली की तासभर भिंतीकडे तोंड करून बसते. आईला वाटले, हट्ट. दोन महिने रागावण्यात गेले, त्यात अर्जदाराचाही वाटा आहे. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासायला पाठवले. अहवाल आल्यावर शिशाच्या आकड्याभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केला आणि त्या गोलाभोवती आणखी एक. "घरात कोणी बॅटरीचं काम करतं का? रंगाचं?" त्यांनी विचारले. आई म्हणाली, "छे हो. ह्यांची भांड्यांची भट्टी आहे. भांडी काय, सगळ्यांच्याच घरी असतात." डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. मुलांच्या रक्तात इतके शिसे चालते आणि इतके चालत नाही असे काही नसते, जितके कमी तितके बरे, आणि आत जाणारे आधी बंद करा, असे त्यांनी सांगितले. गेलेले आकडे परत येतील का, असे अर्जदाराने विचारले. त्या म्हणाल्या, "बंद तर करा आधी. मग बघू." डॉक्टर 'बघू' म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे अर्जदाराने कोणाला विचारलेले नाही.

५. केवळ डॉक्टरबाईंच्या शब्दावर अर्ज केला असे होऊ नये म्हणून अर्जदाराने सदर पातेले शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. त्यात व्हिनेगर तासभर उकळवले, गाळले आणि रसायनशास्त्राच्या सरांनी त्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले. द्रव पिवळा झाला आणि तळाशी पिवळा गाळ बसला. सर इतके खूश झाले की त्यांनी शेजारच्या वर्गाला बोलावून आणले. शाळेतले शिशाचे रसायन जुने असल्याने हा प्रयोग अकरा वर्षांत एकदाही नीट जमला नव्हता, आणि आता जमला तोही कोणाच्या तरी जेवणाच्या भांड्यातून. मग त्यांना ते भांडे कोणाचे हे आठवले आणि ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

६. त्याच दिवशी संध्याकाळी अर्जदाराने ती बाटली बाबांसमोर जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. बाबांनी आधी पिवळ्या गाळाकडे पाहिले, मग धाकटीकडे. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली तळाची सगळी भांडी पोत्यात भरली आणि वजनांचे पोते भट्टीमागे नेऊन ठेवले. सदर पातेले मात्र अर्जदाराने पुरावा म्हणून पोत्यातून काढून घेतले. आपल्या मनात इथे प्रश्न येईल की मग अर्ज कशाला? याचे उत्तर फळीवर आहे. त्या दिवसापासून बाबांची भांडी हलकी निघतात. गिऱ्हाईक टकटक करते, उचलते, ठेवते आणि समोर जाते. बाबा एका बाईंना समजावू लागले की ताई, यात शिसे नाही म्हणून हलके आहे. त्या म्हणाल्या, "अगोबाई, म्हणजे आधी होतं?" आणि त्या समोरही गेल्या नाहीत, सरळ घरी गेल्या. वजनदारकाका वाईट माणूस नाहीत. ते येऊन बाबांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तू थांबलास, बरं केलंस. पण मी थांबलो तर माझं गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जाईल. आपण दोघं उपाशी आणि शिसं तिथलं तिथंच." यावर बाबांनी अर्जदाराला जे सांगितले ते अर्जदार त्यांच्याच शब्दांत देत आहे. "नियम सगळ्यांना एकदम झाला तर मी पहिला. एकट्याने साधू व्हायला मी भट्टी नाही टाकली. मार्चअखेरपर्यंत बघतो. मग घरातलं भांडं वेगळं आणि विकायचं वेगळं." म्हणजे आमची धाकटी सुटेल आणि दुसऱ्या कोणाची तरी सुरू होईल. भट्टीमागचे पोते तिथेच आहे. अर्जदार शाळेतून येताना रोज त्याला पाय लावून बघते, हलले आहे का.

७. या कारणास्तव अर्जदाराने ३ जानेवारीस पहिला अर्ज केला. त्यावर आपल्या अन्न शाखेने तीन आठवड्यांनी कळवले की भांडे हा खाद्यपदार्थ नव्हे. ही माहिती अर्जदाराला होती. धातू शाखेने कळवले की भांड्यात अन्न शिजते, सबब हा विषय अन्नाचा. हीही होती. अर्जदार दोन्ही शाखा शोधत आली तेव्हा आढळले की त्या एकाच खोलीत आहेत, मध्ये एक कपाट आहे आणि कपाटाच्या दोन्ही बाजूंचे साहेब एकाच डब्यातून जेवतात. अर्जदाराने विचारले की मग तुम्ही एकमेकांना विचारत का नाही. अन्न शाखेचे साहेब म्हणाले, "विचारतो की. पत्राने." ते पत्र आपल्या कार्यालयातून टपालाने निघून आपल्याच कार्यालयात सहा दिवसांनी येते. या काळात धाकटीने चार वेळा विचारले की एकोणतीसनंतर काय असते.

८. त्यानंतर आपण नमुना मागवला, याबद्दल अर्जदार मनापासून आभारी आहे. १६ फेब्रुवारीस अर्जदाराने वरील पातेले झाकणासह जमा केले. त्यावर चिठ्ठी चिकटवून 'नमुना क्र. १७, मूळ स्थितीत जपून ठेवावा' असे लिहिले गेले. अहवाल आला का हे विचारायला अर्जदार २७ फेब्रुवारीस आली. आवक-जावकच्या बाईंनी तिला बसवले आणि चहा मागवला. चहा फार छान होता. अर्जदाराने अर्धा कप प्यायल्यावर सहज मागच्या खोलीत पाहिले, तर शेगडीवर नमुना क्रमांक १७ उकळत होता. चिठ्ठीचा एक कोपरा जळला होता, क्रमांक स्पष्ट दिसत होता.

अर्जदाराने कप खाली ठेवला आणि ती आत गेली. आपले शिपाईकाका अत्यंत प्रेमळ आहेत. ते म्हणाले, "अगं, तुझंच का हे? काय भांडं आहे. दूध लागत नाही, उतू जात नाही. वीस वर्षं चहा करतोय, असं पातेलं हातात आलं नव्हतं." अर्जदाराने सांगितले की काका, यात शिसे आहे, त्यासाठीच तर ते इथे आहे. काका म्हणाले, "अहवाल आला का?" नाही आला. "मग? अहवाल येईपर्यंत ते निर्दोष." अर्जदाराने चिठ्ठीवरचे 'मूळ स्थितीत' हे शब्द दाखवले. काका म्हणाले, "पातेल्याची मूळ स्थिती कुठली असते, तूच सांग. कपाटात की गॅसवर?" मग काकांनी आवाज खाली करून विचारले की बाबा अजून एक देतील का, घरी हवे होते, सूनबाईंना दिवस गेले आहेत. तेव्हा मात्र अर्जदाराने त्यांना हाताला धरून स्टुलावर बसवले आणि परिच्छेद ४ मधली सगळी हकीकत सांगितली. काका ऐकत राहिले. चहा उतू गेला. त्या पातेल्यात पहिल्यांदाच.

त्यांनी शेगडी बंद केली. पण ते म्हणाले, "बाळ, मी उतरवलं तर साहेब विचारतील चहा का बदलला. याच चहाची त्यांना आता सवय झाली आहे, दिवसातून तीनदा मागतात. लेखी आदेश पाहिजे." महोदय किंवा महोदया, तो आदेश आपणच द्यायचा आहे आणि आपणच तो चहा पीत आहात. शिपाईकाकांवर कारवाई करू नये. त्यांनी आपल्यासाठी सर्वांत चांगले पातेले निवडले. बाबांनीही तेच केले होते.

९. यावर दोन्ही शाखा, चहा आणि न आलेला अहवाल या सर्वांचा विचार होऊन आपले ५ मार्चचे पत्र आले. त्यात लिहिले आहे की अर्जदार अल्पवयीन असल्याने अर्ज पालकाच्या सहीशिवाय ग्राह्य धरता येत नाही. अर्जदार नम्रपणे निदर्शनास आणते की ज्यांच्या भट्टीतले भांडे आहे ते आणि पालक हे एकच गृहस्थ आहेत. आईची सही चालेल का, असे विचारले असता टेबलावरच्या बाईंनी फॉर्म दाखवला. त्यात वडिलांच्या नावाचा रकाना आहे आणि 'वडील हयात नसल्यास आई' असे आहे. बाबा हयात आहेत. म्हणजे अर्जदाराने बाबांविरुद्धचा अर्ज बाबांना वाचायला द्यायचा, त्यांनी तो वाचून स्वतःविरुद्ध सही करायची आणि मग आपण तो वाचायचा. आईला हे सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावे लागले, आणि मग हसता हसता तिचा चेहरा बदलला.

तरी अर्जदार नियम पाळत आहे. आज सकाळी तिने हा अर्ज भट्टीतल्या घासायच्या दगडाखाली, वाऱ्याने उडू नये असा ठेवला. बाबा म्हणाले, "काय आहे?" अर्जदार म्हणाली, "तुमच्याबद्दल आहे." ते म्हणाले, "लांबलचक आहे." अर्जदार म्हणाली, "तुमच्याबद्दल थोडक्यात लिहिता येत नाही." यानंतर शाळेची घंटा व्हायची वेळ झाल्याने अर्जदार निघून गेली. संध्याकाळी परत आल्यावर अर्ज दगडाखालीच होता, म्हणून ही हकीकत त्यात भरून तो पुन्हा तिथेच ठेवला आहे. पालकाच्या सहीची जागा खाली रिकामी सोडली आहे. सही झाली तर हा अर्ज आपल्यापर्यंत येईल. आपण हा अर्ज वाचत नसाल तर सही झाली नाही असे समजावे.

१०. तरी विनंती अशी की भांड्यांतील शिशाबाबत नियम करावा, तो सर्व भट्ट्यांना एकाच दिवशी लागू करावा आणि तो दिवस ३१ मार्चच्या आत असावा. एकाला आज आणि दुसऱ्याला पुढच्या वर्षी असे केल्यास आज ज्याला लागू होईल तो मरेल, आणि गल्लीत तो कोण असेल हे आपणास आता माहीत आहे. भंगारवाल्यांनी चाकांची वजने आणि बॅटऱ्यांच्या पट्ट्या भांडीवाल्यांना देऊच नयेत असेही त्यात असावे, कारण पोते दारात आले की हात जातो. प्रत्येक पातेल्याच्या बुडाला तपासणीचा शिक्का असावा, म्हणजे गिऱ्हाईक टकटक करण्याऐवजी उलटे करून बघेल. हलके भांडे चांगले असते हे लोकांना कोणीतरी खुर्चीवरून सांगावे. भट्टीवरून सांगितले तर ते घरी जातात. घराघरांतली तळाची पातेली बदलून द्यायची सोय करावी, निदान आमच्या नऊ घरांची. नमुना क्रमांक १७ गॅसवरून उतरवून खरोखर तपासावा. आणि आपण स्वतःचे रक्त तपासून घ्यावे. दवाखाना सकाळी नऊला उघडतो, डॉक्टरबाई गुरुवारी नसतात. सुई फार दुखत नाही. धाकटी मागच्या वेळी फक्त एकदा रडली आणि ती पाच वर्षांची आहे.

इतके लिहून थांबते. उत्तराची वाट रोज पाहिली जाईल, आणि दर सोमवारी शाळा सुटल्यावर समक्षही पाहिली जाईल.

आपली विनम्र पण चिकाटीची,
अर्जदार
(इयत्ता नववी, तुकडी ब)

दिनांक : १२ मार्च

सोबत :
१) धाकटीच्या रक्त तपासणीच्या अहवालाची प्रत (लाल गोल मूळ प्रतीवर आहेत, प्रतीवर काळे आलेत).
२) पिवळ्या गाळाची बाटली. कृपया प्रसाधनगृहात ओतू नये.
३) रसायनशास्त्राच्या सरांचे पत्र. त्यात प्रयोग यशस्वी झाल्याचा आनंद पहिल्या दोन ओळींत आहे, तो सोडून पुढचे वाचावे.
४) नमुना जमा केल्याची पोच.

पालकाची सही : (सही केली आहे)

पालकाचा शेरा, असल्यास :

अर्ज दोनदा वाचला. भट्टीबद्दल लिहिलेले सर्व बरोबर आहे. मार्चअखेरची मुदत मीच दिली होती, तेही खरे. परवा धाकटीला दुसऱ्यांदा रक्त द्यायला मी स्वतः नेले. या खेपेला ती रडली नाही, सुई टोचेपर्यंत माझ्याकडे बघत होती. त्यानंतर मी वजनांचे पोते भंगारवाल्याला परत करून आलो. भट्टीमागे मोठी आता ज्याला पाय लावून बघते ते तसेच दिसणारे वाळूचे पोते आहे, ते मी ठेवले आहे. तुम्ही नियम करा किंवा करू नका, माझ्या मुशीत आता ते जाणार नाही. हे मोठीला सांगितलेले नाही. कळले तर ती तुम्हाला लिहायची थांबेल आणि समोरच्यांचे तसेच राहील. म्हणून अर्ज तिला परत न देता मीच आणून देत आहे. बरोबर तुमच्या चहासाठी कालच्या मुशीतले एक पातेले आहे. हलके आहे. दूध तळाला लागेल, तेव्हा शिपायांना सांगावे की चमचा फिरवत राहा.